ठरवण्याआधी विचारा



३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट.
भूकंपानं आपलं सास्तूर गाव उद्ध्वस्त झालं.

पुढं सास्तूरसारखी गावं नव्यानं वसवली गेली.
पण शेकडो गावांत घरं जागेवरच दुरुस्त करायची होती.

तिथं शासनानं एक मोलाची गोष्ट केली.
अनुदान घरमालकाच्या हाती दिलं.
सामान त्यानंच आणायचं.
गवंडीही त्यानंच ठरवायचा.
अभियंत्यानं काम तपासायचं, समजावून सांगायचं.

ज्याला घरात राहायचंय, त्याला आधी विचारायचं.

मंडळी, घर सांभाळतं कोण? बाई.
म्हणून गावोगावच्या बायका ‘संवाद सहाय्यक’ झाल्या.
‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं त्यांना साथ दिली.

माळवदावरची माती कमी का करायची?
दगडी भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना का जखडायच्या?
हे त्यांनी समजून घेतलं.
शेजारणीला सांगितलं.
गावाची अडचण अधिकाऱ्यांपर्यंत नेली.

मला यातली ही दुहेरी वाट फार महत्त्वाची वाटते.
वरून माहिती खाली आली.
खालून अडचण वर गेली.

आज आपल्या कामाच्या ठिकाणीही हेच करता येईल.
दवाखान्यात पाळ्या बदलायच्या आहेत?
परिचारिकेला विचारा. सफाई कामगारालाही विचारा.
दूध संकलनाची वेळ बदलायची आहे?
दूध घालणाऱ्यांना विचारा.

पुन्हा सांगते.
ज्याच्यावर परिणाम होणार, त्याला आधी विचारा.
आदेश निघाल्यावर नव्हे, त्याच्या आधी.

आणि बैठकीची वेळ अशी ठेवा,
की शेतातून परतलेल्या बाईलाही येता येईल.