संध्याकाळचे दोन तास

(महिला कार्यकर्त्यांच्या विभागीय मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘चळवळ आणि कला’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायचा माझा अधिकार नाही. आम्ही कोल्हापुरात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ चित्रं काढायला बसतो, त्याबद्दल मात्र मी सांगू शकते.

ही कल्पना बैठकीत मांडली तेव्हा आमच्या एका जुन्या कार्यकर्तीने सरळ विचारलं, “पोटगीच्या केसेस तुंबल्यात आणि तुम्ही चित्रं काढत बसणार?” प्रश्न चुकीचा नव्हता. पण बायका संध्याकाळी घराबाहेर पडतात त्या कशासाठी, हे आठवून बघा. दळण, भाजी, मुलाची शिकवणी, नाहीतर हळदीकुंकू. आमच्याकडे येतात त्याही तक्रार घेऊन, रडत. काहीही कारण नसताना, फक्त बरं वाटतं म्हणून दोन तास कुठं बसायचं, हे घरी सांगायलाच आमच्या निम्म्या बायकांना जमेना. “मीटिंग आहे” असं सांगून येत होत्या. मीटिंगला परवानगी मिळते, चित्राला मिळत नाही!

पद्धत साधी आहे. दर वेळी एक पाहुणा किंवा पाहुणी चित्रकार बोलवायची. त्यांनी थोडं दाखवायचं, मग आम्ही काढायचं. कागद पाठकोरे, छापखान्यातून आणलेले. पेन्सिल नाहीतर कोळशाची कांडी. खोडरबर आणायचं नाही, हा पहिल्याच पाहुणीचा नियम. चुकलेल्या रेघेच्या शेजारी दुसरी रेघ काढा, पहिली राहू दे, असं ती म्हणाली. चहा आणि चिरमुरे वर्गणीतून.

पहिल्या दिवशी अठरा जणी होत्या. “मला काही येत नाही” असं अठराजणींनी म्हटलं. मग बोलता बोलता निघालं की त्यातल्या पाच जणींनी शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, दोघींनी इंटरमिजिएटसुद्धा. एकीला ‘अ’ श्रेणी होती. लग्नानंतर तीस वर्षांत तिनं रांगोळी सोडून काही काढलं नव्हतं. येत नाही म्हणणारी बाई आणि सोडावं लागलं म्हणून विसरलेली बाई, यांत फरक आहे.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही नावं आमच्याकडे रिक्षावाल्यालाही माहीत असतात. एका पाहुणीनं विचारलं, या यादीत बाई कोण सांगा. कुणाला सुचेना. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झालं. तिथे शिकलेल्या अंबिका धुरंधर, अँजेला त्रिंदाद ही नावं आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. तिनं दुसरी गोष्ट सांगितली ती लंडनची. तिथली रॉयल अकादमी १७६८ साली स्थापन झाली, स्थापनेत दोन बायका होत्या. पुढे झोफानी नावाच्या चित्रकारानं सभासदांचं चित्र रंगवलं. पुरुष सभासद खोलीत, समोर नग्न मॉडेल. त्या दोघी कुठे? भिंतीवर टांगलेल्या तसबिरींमध्ये! कारण उघड्या माणसाकडे बघत अभ्यास करणं बाईला शोभत नाही. तिथल्या विद्यार्थिनींना तो वर्ग मिळायला १८९३ साल उजाडलं, तेही मॉडेलच्या अंगावर कापड ठेवून. आणि शरीर काढता येत नाही तर मोठं चित्र कसं काढणार? मग म्हणायचं, बायकांत मोठी चित्रकार झाली नाही.

आपल्याकडे वेगळंच घडलं. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक काढायचा तो सवासिनींनी. बायकांचं काम होतं ते. सत्तरीच्या दशकात ते चित्र कागदावर आलं, विकत जाऊ लागलं, आणि जगाला नाव माहीत झालं ते जिव्या सोमा मशे यांचं. मोठे कलावंत होते, २०११ साली पद्मश्री मिळाली, याबद्दल वाद नाही. पण भिंतीवरचे हात कुणाचे होते, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आता मुख्य गोष्ट. ती सांगावी की नाही यावर आमच्यात मतभेद होते. जिची आहे तिची परवानगी घेऊन सांगते.

एका महिन्यात एक ज्येष्ठ चित्रकार पाहुणे म्हणून आले. माणूस सज्जन. म्हणाले, आज माणूस काढू, कुणीतरी बसा. नऊवारी नेसलेल्या एकच मावशी होत्या. धुण्याभांड्याची कामं करतात, आमच्या जुन्या सभासद. सरांनी त्यांना कमरेवर कळशी देऊन बसवलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. हात कापायला लागला. सर म्हणाले, “मावशी, हलू नका.” मावशी म्हणाल्या, “हलणार. हात माझा हाय, दुखतोय.” कळशी खाली ठेवली आणि उठून एकेकीचा कागद बघत फिरल्या.

सगळ्या कागदांवर बाई तरुण होती, बारीक होती. मावशींच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची खूण आहे. ती कशी झाली ते संघटनेत सगळ्यांना माहीत आहे, तिची केस आपणच चालवली. त्या म्हणाल्या, “ह्यो डाग कुणीच काढला न्हाई व्हय?” खोलीत कुणी बोलेना. एक म्हणाली, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. मावशी म्हणाल्या, “कोर्टात दाखवा दाखवा म्हणत हुता. हितं झाकता?”

मला वाटतं, त्या दिवशी आम्हाला आमचीच नजर दिसली. सरांनी कळशी दिली म्हणून आम्ही बाहेर येऊन तावातावानं बोललो असतो. पण डाग आम्हीच गाळला होता. आपल्या अहवालांतसुद्धा आपण असंच करतो का? बाई एक तर नुसती जखम असते, नाहीतर नुसती शूर असते.

मॉडेल म्हणून बसणं हे काम आहे, हेही तेव्हाच लक्षात आलं. जे. जे.मधल्या मॉडेलवरचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट २०१८ साली आला. त्याआधी २०१७ साली तो गोव्याच्या महोत्सवातून वगळला गेला, म्हणून आपण निषेध केला. आणि स्वतः मावशींना पंधरा मिनिटं फुकट बसवलं! आता बसणारीला वर्गणीतून पैसे देतो. कसं बसायचं ते ती ठरवते. संपल्यावर सगळे कागद आधी ती बघते, आणि नको असेल तो फाडते. आत्तापर्यंत दोन फाडले गेले. त्यातला एक माझा होता, आणि मला रागही आला होता.

भांडण अजून एका गोष्टीवर आहे. आठ मार्चला ही चित्रं लावायची का? तरुण मुली लावा म्हणतात. मावशी नको म्हणतात. हे आपलं आपल्यात, त्यांचं म्हणणं. मी सध्या मावशींच्या बाजूची आहे, पण मुलींचं म्हणणंही मला खोडता येत नाही.

आणि जे जमलं नाही तेही सांगते. पाळीवर कामाला जाणाऱ्या बायका साडेसहाला येऊ शकत नाहीत. लहान मुलं आली की आई चित्र काढत नाही, मूल काढतं. यावर उपाय सापडलेला नाही. दोघीजणी घरच्यांनी बंद केल्या, त्यांच्या घरी दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा जाणार आहोत.

कुणाला आपल्या गावी सुरू करायचं असेल तर खर्च फार नाही. पाहुण्यांना जायचं-यायचं भाडं आधी विचारून द्या, बायका चित्रकार लाजून मागत नाहीत. आणि बसणारीसाठी पाठ टेकायची खुर्ची ठेवा. आमच्याकडे पहिले चार महिने नुसतं स्टूल होतं.