मानेवरील गाठ : एक विनंती



सूरजागडच्या रानवाटेने चालताना पायात काटा रुतला, की जांघेत अवधाण येते. जखम भरली, की ते ओसरते. त्याचे भय नको. परंतु माझ्या एका विद्यार्थ्याच्या मानेवरील गाठ महिनोन्महिने राहिली, आणि मीच ‘लेप लावा’ असे सांगत राहिलो! ती क्षयाची गंडमाळ ठरली. ६ महिन्यांच्या औषधाने मुलगा बरा झाला. शाळेचे वर्ष मात्र बुडाले.

म्हणून विनवितो : गाठ २ आठवड्यांत न ओसरल्यास, वाढत वा कठीण होत गेल्यास, सोबत ताप, रात्रीचा घाम वा वजनात घट असल्यास एटापल्लीच्या सरकारी रुग्णालयात जावे. क्षयाचे औषध तेथे विनामूल्य मिळते. माझी चूक आपण करू नये, एवढेच सांगून आपली रजा घेतो.