ठाण्यात माणसं कमी, म्हणून ग्रामसभेनं पुढं व्हायचं
(वनहक्क समित्यांच्या बैठकीतील भाषण)



अकोले तालुक्यातली घाटघर, साम्रद, कुमशेत, पाचनई ही आपली गावं राजूर ठाण्याच्या हद्दीत. डोंगरातल्या कुठल्याही ठाण्याचं दुखणं एकच, गावं फार आणि माणसं थोडी. पावसाळ्यात शनिवार-रविवार भंडारदऱ्याला पर्यटकांची झुंबड, नवरात्रात कळसूबाईला गर्दी, शिर्डीही आपल्याच जिल्ह्यात. बंदोबस्तातून उरेल तो बीट हवालदार आपल्या वाट्याला. मग तो गावात येतो कधी? कुणी तक्रार केली तर. आणि पेरणीच्या तोंडावर तक्रार कुणाची असते, ते तुम्हाला सांगायला नको.

आला की तो पोलीस पाटलाला भेटतो. पाटील आपल्यातलाच, त्याच्याशी आपलं भांडण न्हाई. पण 1967 च्या ग्राम पोलीस कायद्यानं त्याची नेमणूक सरकारकडून होते, ग्रामसभेकडून नाही. वनहक्क समिती मात्र ग्रामसभेनं निवडलेली. दहा ते पंधरा जणांची, त्यात एक तृतीयांश तरी बाया. दावा कुणाचा, पाहणी झाली का, पोच कुठंय, हे समितीला ठाऊक. ज्याला ठाऊक आहे त्याला कुणी विचारतच नाही, आणि नांगर धरणाऱ्याला ठाण्यात बोलावणं येतं.

काही जण म्हणतात, पोलीस कमी आहेत तेच बरं. मला हे पटत नाही. दारू पिऊन नवरा मारतो तेव्हा रात्रीची बाई कुणाकडं जाणार? पोलीस पाहिजेत, चौकीही मागू. पण आपल्याला ओळखणारे पोलीस पाहिजेत.

घाट आणि किल्ले राखायचं काम एकेकाळी आपल्याच लोकांकडं होतं. 1818 नंतर इंग्रजांनी ते काढलं, त्यातून बंडं झाली. देवगावच्या राघोजी भांगरेंना 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. असो, तो विषय मोठा आहे.

आता काम. समितीच्या सगळ्या सदस्यांची नावं, फोन नंबर आणि प्रलंबित दाव्यांची यादी ग्रामसभेच्या ठरावासोबत ठाण्यात द्यायची. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठायचं न्हाई. अर्जात लिहायचं की 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) प्रमाणे दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून हटवता येत नाही. वनहक्कात बेकायदा आडवं येणं हा 2015 च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्यातही गुन्हा आहे, तेही लिहा. हवालदार बदलला की यादी पुन्हा द्या, नव्याला जुन्याचं काही माहीत नसतं.

नुसत्या फोनवर ठाण्यात जायचं नाही, लेखी नोटीस मागायची. साक्षीसाठी बायांना आणि साठीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. महिन्यातून एकदा हवालदारानं ग्रामसभेत बसावं, अशी मागणी त्याच अर्जात घाला. पाटलालाही तिथंच बसवा.

मृग लागायच्या आत हे झालं पाहिजे. ज्या गावाची यादी तयार नाही, त्यांनी आज जाण्याआधी बाजूला थांबा. कागद आणि कार्बन इथं आहे.