कचऱ्याची परीक्षा आधी, खड्डा नंतर

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावाचा उकिरडा म्हणजे गावाचे दुसरे कोठारच होय. परंतु या कोठारात काय साठले आहे, याची मोजदाद क्वचितच होते. शेण, पाचट, पऱ्हाटी, कोंबड्यांची विष्ठा, बाजारातील सडका भाजीपाला या सर्वांना ‘कचरा’ हे एकच नाव मिळते आणि सर्वांवर एकच उपाय योजला जातो. मग पऱ्हाटीचे तुकडे गोबरगॅसच्या टाकीत तरंगतात, वर जाड थर धरतो आणि गॅस मंदावतो. दोष मात्र संयंत्राला दिला जातो. पैसा जातो आणि लोकांचा विश्वासही जातो.

जैविक प्रक्रिया म्हणजे सूक्ष्म जीवांची जोपासना. त्यांना ऊर्जेसाठी कर्ब व शरीरवाढीसाठी नत्र लागते. साधारणतः २५ ते ३० भाग कर्बामागे १ भाग नत्र असले, की त्यांचे कार्य उत्तम चालते. शेणात कर्बाचे हे प्रमाण २० ते २५ असते, कोंबडखतात १० च्या आसपास, तर गव्हाच्या काडात ८० किंवा त्याहूनही अधिक. नत्र अपुरे पडल्यास ढीग कुजत नाही. अधिक झाल्यास ते अमोनियाच्या उग्र वासाबरोबर उडून जाते.

दुसरी कसोटी ओलाव्याची. कंपोस्टास ५० ते ६० टक्के ओलावा मानवतो. गोबरगॅससाठी शेण व पाणी समभाग कालवावे लागते. तिसरी कसोटी लिग्निनची, म्हणजे काष्ठमय अंशाची. हवेवाचून जगणाऱ्या जिवाणूंना तो जवळजवळ पचत नाही. हवेत वाढणारी बुरशी तो सावकाश पचविते. म्हणून ताजे शेण व भाजीपाला गोबरगॅसला द्यावा, पाचट व काड बारीक करून कंपोस्टात घालावे. गांडुळांना ३५ अंशांपलीकडील उष्णता सोसत नाही. त्यांच्यापुढे अर्धवट कुजून निवलेलाच माल ठेवावा.

एक उदाहरण पुरेसे आहे. १०० किलो कोरडे काड व ३०० किलो ताजे शेण एकत्र केले. शेणात ८० टक्के पाणी असल्याने मिश्रणाचा ओलावा ६० टक्के होतो. काडाचे प्रमाण ८०, शेणाचे २० आणि दोहोंच्या कोरड्या भागात ४० टक्के कर्ब धरल्यास मिश्रणाचे प्रमाण सुमारे ३८ वर येते. ढीग कुजू लागण्यास हे चालण्याजोगे आहे.

ही दृष्टी नवी नाही. इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांच्या मिश्रणाचे प्रयोग केले. १९३१ साली या विषयावर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होते. कोणता पदार्थ कशात मिसळावा, हाच त्या पद्धतीचा गाभा होता.

ओलावा मोजण्यास मोठे यंत्र लागत नाही. नमुना तोलावा, उन्हात पूर्ण वाळवावा व पुन्हा तोलावा. अंदाज हाती येतो. हे काम शाळेतील मुलेही करू शकतील. नत्राचे मापन मात्र प्रयोगशाळेत करून घ्यावे. पंचायतीने खड्ड्याचा वा टाकीचा ठराव मांडण्यापूर्वी गावातील कचऱ्याचा असा तक्ता समोर ठेवावा. टाकी एकदा बांधली की बदलत नाही. निर्णय मात्र बांधण्यापूर्वी बदलता येतो.