परमुलखातील भाड्याची मोटार

नोकरीच्या निमित्ताने चंडीगडला जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच सुटीत सिमल्याचे वेध लागतात. घरची मोटार पुण्याला किंवा नागपूरला राहिलेली असते; मग स्वतः चालवावयाची मोटार भाड्याने घेण्याचा विचार पुढे येतो.

सिमला येथून सुमारे 115 किलोमीटर. परंतु एवढ्या अंतरात तीन राजवटी लागतात. चंडीगड 1966 पासून केंद्रशासित आहे. शहर मागे पडताच पंचकुला, पिंजोर, कालका हा हरियाणाचा मुलूख लागतो आणि परवाणूपासून हिमाचलाची चढण सुरू होते. साहजिकच गाडीचे कागद तिन्ही ठिकाणी चालणारे हवेत.

रीतसर भाड्याची गाडी ओळखण्याची खूण म्हणजे क्रमांकाची पाटी. विजेवरील गाड्या वगळल्या, तर खाजगी मोटारीची पाटी पांढरी व टॅक्सीची पिवळी असते. स्वतः चालविण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या मोटारीची मात्र काळी आणि तिच्यावरील अक्षरे पिवळी. 1989 च्या केंद्रीय योजनेने या व्यवसायाला कायद्याची चौकट दिली.

पांढऱ्या पाटीची मोटार ओळखीपाळखीने थोडी स्वस्त मिळते, आणि मोह होतो तो तेथेच. खाजगी वापराच्या विम्यात गाडी भाड्याने देणे बसत नाही. सोलनच्या एखाद्या वळणावर अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. परक्या मुलखात, ओळखीचे कोणी नसताना, वाचवलेले चार पैसे तेव्हा फार महाग पडतात. किल्ली हाती घेण्यापूर्वी पाटी, परवाना व विमा पाहून घेतलेला प्रवासी घाटाचा देखावा निर्धास्तपणे पाहू शकतो.