रिकाम्या पिकअपचं नाक खाली का?

आमच्या बचत गटाच्या पिकअपमधून आम्ही टोमॅटो मार्केटला नेतो. गाडी रिकामी असली की मागून उंच, पुढून वाकलेली दिसायची. ड्रायव्हर पोरगा म्हणाला, "मावशी, पुढून उचलून घेऊ, टायर पण मोठे टाकू." पावसाळ्यातला चिखल आठवला, आम्हालाही पटलं.

अहो, पण मागचे पाटे मुद्दामच उंच असतात! माल भरला की ते दबतात आणि गाडी सरळ होते. आता भरल्या गाडीचं नाकच वर. हेडलाइटचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत, स्टेअरिंग हलकं. टायर 28 इंचांचे होते, 30 चे बसवले. त्यामुळे काटा 60 दाखवी तेव्हा गाडी खरी 64 ने पळे. चढाला दमायची, ब्रेकही लवकर धरेना. वळणावर टायर पत्र्याला घासे, तो आवाज ऐकून माझ्या तर पोटात गोळा यायचा.

मग कळलं, कायद्याने परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड, नाहीतर 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसी बुकावर नाव आमच्या अध्यक्षबाईंचं! त्या रात्रभर झोपल्या नाहीत.

जुने टायर गोठ्यामागे पडून होते, तेच परत बसवले, पुढचं उचललेलंही काढलं. चिखलासाठी आता कंपनीच्याच मापाचे, खोल खाचांचे टायर घेणार आहोत. पैसे गेले ते गेलेच. पोरगा अजून जरा फुगून आहे.