फिरते घर आणि खाडीचा धक्का

(ठाणे येथे पर्यटनप्रेमी नागरिकांसमोर दिलेले भाषण)



चाकांवरचे घर घेऊन सहलीस निघणारी कुटुंबे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेल्या अशा वाहनांसाठी राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील रहिवाशांना या साधनाचा विशेष उपयोग आहे. आपल्या दारातून निघालेले वाहन तरीने खाडी ओलांडून थेट किनाऱ्यावर उतरू शकते. या प्रवासातील अवघड जागा म्हणजे तरीचा धक्का. त्याविषयीच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आपला हा मुलूख मुळात बंदरांचा. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रंथातही या बंदराचा उल्लेख येतो. कल्याणहून येणारी उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेने, घोडबंदरला वळसा घालून वसईच्या खाडीने समुद्रास मिळते. हाच जुना जलमार्ग होय. १८५३ साली ठाण्यास आणि १८५४ साली कल्याणास आगगाडी आली. पुढे पूल झाले, रस्ते रुंदावले आणि पाण्याची वाट मागे पडली. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला, तेव्हा या वाटेकडे पुन्हा लक्ष गेले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर आणि वसई यांच्या दरम्यान वाहने नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. रस्त्याने सुमारे ३८ किलोमीटरचा वळसा पडतो. पाण्यावरून हे अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. साहजिकच या तरीवर नोकरदार, विद्यार्थी, भाजीचे टेम्पो आणि दुचाकीस्वार यांची गर्दी असते. आपल्यासारखा सहलीचा प्रवासी त्यांच्या वाटेत येणारा पाहुणा असतो, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

धक्क्यावरचे खरे वेळापत्रक भरती-ओहोटीचे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. त्या दिवसांत पाणी जसे अधिक चढते, तसेच ते अधिक उतरतेही. पाणी फार खाली गेले की बोटीच्या फळीचा उतार तीव्र होतो आणि लांब वाहनाचा मागचा भाग जमिनीस घासतो. म्हणून निघण्यापूर्वी गाडीची लांबी, उंची आणि वजन धक्क्यावरील कर्मचाऱ्यांना सांगून जागेची खात्री करून घ्यावी. शक्य तर मध्यम पाण्याची वेळ निवडावी. घोडबंदर मार्गावर अवजड वाहनांची वर्दळ मोठी असल्याने कल्याण-डोंबिवलीकरांनी हाताशी बराच वेळ ठेवून निघावे. पावसाळ्यात हवामान पाहून फेऱ्यांत बदल होतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करणे इष्ट.

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. टाकी अर्धवट भरलेली असेल तर उतारावर ते पाणी हिंदकळून गाडीचा तोल बिघडवते. त्यामुळे चढण्यापूर्वी स्वच्छ पाण्याची टाकी पूर्ण भरलेली अथवा रिकामी असावी. गॅसच्या सिलिंडरची चावी बंद करावी, हातब्रेक ओढावा आणि बोटीवर स्वयंपाक मुळीच करू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घर फिरते असले तरी त्यातील सांडपाणी आणि शौचालयाची टाकी कोठे रिकामी करावयाची, हा प्रश्न सुटत नाही. धक्क्याच्या कडेला, रात्रीच्या अंधारात, खाडीत ती मोकळी करण्याचा मोह होऊ शकतो. ज्या पाण्यात कोळी बांधव जाळे टाकतात, त्याच पाण्यात ही घाण जाते. आपल्या ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याला २०२२ साली रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, तो याच पाण्याच्या आधारावर. तेव्हा टाकी घरून रिकामी करून निघावे आणि मुक्कामाच्या जागी तशी सोय आहे काय, हे आधी विचारून घ्यावे.

त्याचप्रमाणे धक्का ही मुक्कामाची जागा नव्हे. तेथे खुर्च्या मांडून चहा करीत बसलेले एक कुटुंब रुग्णवाहिकेची वाट अडवू शकते. मासळी सुकविण्याच्या जागेवर गाडी उभी केल्यास कोणाचा तरी दिवसाचा रोजगार बुडतो. बाजूला उभे राहून, रांगेतील कामाच्या माणसास पुढे जाऊ द्यावे. पुढच्या फेरीची थोडी वाट पाहण्याने आपली सहल काही बिघडत नाही.

पर्यटनाने किनाऱ्यावरील गावांत चार पैसे यावेत, हा धोरणामागील हेतू आहे. भाजी, मासळी आणि जेवण त्या गावातच घ्यावे. शासन धोरण आखील, धक्के बांधील. परंतु आलेल्या पाहुण्याचे पुन्हा स्वागत व्हावे की नाही, हे त्याच्या वागणुकीवरच ठरते. आपण ठाणे-कल्याणची माणसे पिढ्यान् पिढ्या खाडीच्या काठी राहत आलो आहोत. हा शेजारधर्म आपणच प्रथम पाळू, एवढी विनंती करतो.